लिलीचं माहेर

शेफालीने लिलीची कुंडी टेबलावर अशी काही आपटली, की टेबलावरचा चहा कपातून बशीत आला.

"कुंडी बदलून हवीये का?" टेबलामागच्या तरुणाने मान वर न करताच विचारलं.

"नाही. हे रोप तुम्हाला खायला घालायचंय."

आता मात्र त्याने मान वर केली. डोळे टपोरे होते, आणि कपाळाला मातीचा पट्टा लागला होता. एरवी शेफालीने हसून नजर चुकवली असती... पण आज? आज समोर साक्षात मदन उभा राहिला असता, तरी तिने त्याला झापलंच असतं.

हडपसरमधल्या ज्या रानात या तरुणाच्या, रणजितच्या, वाडवडिलांनी ऊस पिकवला, तिथे आता टॉवर उभे होते. उरलेल्या पट्टीत त्याने नर्सरी थाटली होती. शेफाली त्यातल्याच एका टॉवरमध्ये आई आणि खारीबरोबर राहायची. खारी म्हणजे तिची मांजर. बेकरीतल्या खारीच्या रंगाची, आणि तेवढीच नाजूक. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या शर्मिलाकाकूंनी प्लॅस्टिकचे डबे नकोत म्हणून लिलीची रोपं वाण म्हणून लुटली. सगळी रणजितच्या नर्सरीतली. आईने आपली कुंडी कौतुकाने खिडकीत ठेवली. खारीने पान चावलं, फुलात नाक खुपसलं, अंगाला लागलेले परागकण चाटून साफ केले आणि ओकायला लागली. आता ती डॉक्टर चैतालींच्या दवाखान्यात सलाइनवर होती.

"लिलीने मांजराची किडनी जाते," शेफाली म्हणाली. "एखादं पान पुरतं. नुसते पराग चाटले तरी पुरतात. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही... खरंच नव्हतं." तो उभा राहिला. "आमची मांजरं रानात, लिली पॉलीहाउसमध्ये. गाठच पडली नाही कधी."

"वा! विषाच्या बाटलीवर कवटी छापतात, तुम्ही रिबन बांधलीत!"

तेवढ्यात तिचं लक्ष फाटकाकडे गेलं. एक म्हातारं कुत्रं कण्हेरीच्या सावलीत पाय ताणून घोरत होतं.

"तो तुमचाच ना? आणि वर कण्हेर? तीही विषारी असते, एवढं तरी ठाऊक आहे?"

"मोत्या आहे तो. कण्हेर आजोबांच्या हातची आहे, ती नाही काढणार." त्याचाही आवाज चढला. "आणि मोत्याला कळतं काय खायचं ते."

"खारीलाही कळतं, असंच वाटत होतं मला."

वाक्य संपता संपता तिचा आवाज फाटला. परक्या माणसासमोर रडू फुटावं याची तिला भयंकर चीड आली. रणजितने टेम्पोची किल्ली उचलली.

"सोसायटीत आणखी कोणाकडे मांजरं आहेत?"

ती बोटांवर मोजू लागली. शेजारच्या बाळकाकांची दोन, शर्मिलाकाकूंच्या नातीचं पिल्लू, आणि जिन्यात फिरणारी ती बोकेमंडळी... आणि घरोघरी लिली!

"चला," तो म्हणाला.

पण सोसायटीत डाळ शिजेना.

"अगं, वाण कधी कोणी परत देतं का?" शर्मिलाकाकूंनी दार अर्धवटच उघडलं. "सवाष्णीने ओटीत घेतलेलं! अपशकुन असतो तो. मांजराला गॅलरीत सोडू नका म्हणजे झालं."

"हो ना, मांजराला तशी लेखी नोटीसच काढू या आपण," शेफाली म्हणाली. "खाली सही पंजाची."

दार आणखी थोडं मिटलं. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच. शेफाली पायऱ्यांवरून पाय आपटत उतरू लागली.

"एक सांगू?" रणजित मागून हळूच म्हणाला. "तुम्ही रागावलात की छान दिसता. पण तुम्हाला बघून लोक कड्या लावतायत."

"तुम्ही गप्प बसलात, तर तुम्हीही बरे दिसाल."

"म्हणजे... दिसतो तर!"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट फोन काढून आपल्या आईला बोलावून घेतलं.

मथुराबाई आल्या त्या दुसऱ्या टेम्पोत गुलाब आणि जास्वंद भरूनच. पार्किंगमध्ये पदर खोचून उभ्या राहिल्या आणि वरच्या गॅलऱ्यांकडे बघत त्यांनी खणखणीत हाळी दिली.

"बायांनो, वाण परत कोण मागतंय? ही रोपं माज्या रानातल्या लेकी हायेत. लेक माहेराला आली, तर तिला सासरनं परत धाडली म्हणत्यात व्हय? धाडा की माहेरपणाला! तवर तुमच्याकडं ह्यो गुलाब ऱ्हाईल, ही जास्वंद ऱ्हाईल. मांजरानं खाल्लं तर मांजर मरत न्हाई, फकस्त फूल जातं."

वर कोणीतरी खुदकन हसलं. मग शर्मिलाकाकू स्वतः खाली आल्या. कुंडीला हळदकुंकू लावून त्यांनी ती मथुराबाईंच्या हातात दिली आणि जाताना गुलाब मात्र निवडून, टपोऱ्या कळीचा घेतला. त्यांच्यामागे बाकीच्या. टेम्पोत लिली दाटीवाटीने बसल्या, वऱ्हाड निघाल्यासारख्या.

खारी मात्र तशीच पडून होती. किडनी वाचली की नाही, ते दोन दिवस कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर शेफाली बसलेली असायची, आणि जरा अंतर सोडून रणजित.

"तुम्ही कशाला येता सारखे?"

"रागवायला कोणीतरी लागेल ना तुम्हाला... डॉक्टरांवर कसं रागवाल?"

खरं होतं ते. त्याच्यावर ओरडून घेतलं की तिला श्वास घेता यायचा. आणि तो यायला जरा उशीर झाला, तर तिची नजर दाराशी जायची — याचाही तिला रागच येत होता.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टर चैताली हातमोजे न काढताच बाहेर आल्या.

"केली!" त्या ओरडल्या. "भरपूर केली! आणि रिपोर्टमधले आकडेही उतरलेत. किडनी वाचली तिची."

मांजराच्या शूचं एवढं कौतुक त्या बाकावर आजवर कोणी केलं नसेल. शेफालीने ओंजळीत तोंड लपवलं. समोर एक रुमाल आला... मातीच्या वासाचा.

"मी रडत नाहीये," ती ठणकावून म्हणाली.

"छे. कोण म्हणतंय?"

त्यानंतर काय झालं कोण जाणे, तो आठवडाभर फिरकलाच नाही. फोन नाही, मेसेज नाही. शेफालीने वाट पाहिली, मग स्वतःलाच शिव्या दिल्या, आणि शेवटी रविवारी तरातरा नर्सरीत जाऊन धडकली.

"मांजर वाचली, म्हणजे संपलं का सगळं?"

रणजितचे हात कोपरापर्यंत मातीत बुडले होते. त्याच्यामागे बारीक जाळीचं नवं दालन उभं होतं. आत साऱ्या लिली ओळीने ठेवलेल्या. दारावर कवटी रंगवलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'घरात मांजर असेल तर पैसे दाखवू नका, लिली मिळणार नाही.'

"हे पुरं झाल्याशिवाय तोंड दाखवायची हिंमत नव्हती," तो म्हणाला. "लिलीचं माहेर झालंय इथे. आता विचारायचं होतं की... तुझं सासर होईल का?"

शेफालीचे कान तापले. तुझं! सरळ तुझं!

"इथे? खारीला घेऊन? फाटकाशी ती कण्हेर..."

ती वळली. फाटकाशी नुसता उकरलेला खड्डा होता. मोत्या जाळीच्या सावलीत घोरत होता.

"आजोबांची ना ती?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"कुंपणापलीकडे लावली, पार लांबच्या बांधावर. जगेल बहुतेक." त्याने हात झटकले. "खारी उड्या मारते, असं तूच सांगितलं होतंस."

आता भांडायला काहीच उरलं नव्हतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. डोळे भरून येण्याइतका.

"मी चहात साखर घालत नाही," ती रागारागाने म्हणाली. "आईंना आत्ताच सांगून ठेव."