नव्वद घोट

दुष्काळाच्या अकराव्या वर्षी चिंचकोठ्यातली माणसं तास-तासभर आंघोळ करायची आणि कोरडी ठणठणीत बाहेर यायची. टॉवेल कुणाकडे उरला नव्हता, सगळ्यांच्या गोधड्या झाल्या होत्या. बेडकांची तर अशी गत, की तिसऱ्या पिढीला डुंबणं म्हणजे काय तेच माहीत नाही. म्हातारे बेडूक त्यांना धुळीत ओळीने बसवून नुसतेच हातपाय मारायला शिकवायचे. खोटं वाटत असेल तर सगुणा तांबटला विचारा, तिने डोळ्यांनी पाहिलंय.

ती कोरडी आंघोळ घरोघरी पोचवली तीही सगुणानेच. बाप तांब्याची भांडी ठोकायचा, कथील वितळवून सांध्यांना डाख लावायचा. लेकीने तोच हात पाइपांना लावला. वय बासष्ट, कमरेला पान्हा, आणि तोंड असं की गंजलेला नट शिवी ऐकूनच सैल पडावा.

पाणीबचत खात्याची मानकं एकामागून एक आली. मानक म्हणजे कुठल्या तोटीतून मिनिटाला किती पाणी पडायचं त्याचा नियम. आधी सहा लिटर, मग तीन, मग एक. तोटीवर चांदण्या छापलेल्या असायच्या. जितक्या चांदण्या जास्त तितकं पाणी कमी. पाच चांदण्यांच्या तोटीखाली हात धरला की ती शिंकल्यासारखं करायची आणि गप्प व्हायची. आता ह्याच्याखाली जायचं कुठे? तर खात्याने सहावी चांदणी काढली. शून्य लिटर.

"बिनपाण्याचा नळ?" फिटर लोकांच्या प्रशिक्षणात सगुणा उभीच राहिली. "मग बिननवऱ्याची वरात पण काढा की, डॉक्टरबाई. घोडा तेवढा आमचा घ्या."

खात्याच्या शास्त्रज्ञ डॉ. शलाका कानिटकर हसल्या. तिशीतली पोर, पण समजावून सांगायची हातोटी होती.

"मावशी, थंडीत सकाळी दोरीवरचे कपडे चाचपता ना? वाळलेत का ओलसर आहेत, लगेच कळतं?"

"कुठलं कळतंय! गारठलेले असले की गालाला लावून बघायचे. तरी फसायला होतं."

"का फसता? आपल्या कातडीला गार कळतं, ऊन कळतं, दाब कळतो. ओलं कळतच नाही. ओलं ओळखणारी नसच माणसाला नाहीये. गार आणि दाब एकदम आले, की मेंदू आपला अंदाज बांधतो, ओलं असणार. आम्ही तेवढं गार आणि तेवढाच दाब हवेतून देतो."

खात्याने त्याला नाव दिलं होतं ओलाभास. सगुणाने तोटीखाली हात धरला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, बांगड्यांत अडकलं, खाली ठिबकलं. सवयीने तिने हात झटकला. सगळा वर्ग हसला. हात कोरडा होता.

"मेली, भानामतीच आहे," सगुणा म्हणाली, आणि तिने दुसराही हात पुढे केला.

दोन वर्षांनी स्वयंपाकघराची पाळी आली. तहानेचंही तसंच असतं, डॉक्टरबाईंनी सांगितलं. प्यालेलं पाणी रक्तात पोचायला चांगली दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण तहान मात्र पेला खाली ठेवायच्या आत भागते. कारण तोंड आणि घसा घोट मोजतात आणि मेंदूला कळवतात, पुरे. मग नुसते घोटच दिले तर? ह्या नळाचं नाव घोटनळ. तान्ह्याच्या बोंडल्यासारखी तोटी तोंडात धरायची, घशाला गार झुळूक आणि विजेची बारीक टिचकी बसायची, की माठातलं वाळ्याचं पाणी प्याल्याचं सुख. शरीराला लागतं ते खरं पाणी माणशी तीन बंद पेले रोज दाराशी यायचं. ते औषधासारखं घड्याळ लावून प्यायचं, असा नियम.

पण तहान नसताना पाणी कोण पितं? पेले दाराशी तसेच राहायला लागले. खात्याच्या माणसांनी परत आलेले भरलेले पेले पाहिले आणि वर कळवलं की लोकांची गरज कमी झालीय. तिनाचे दोन झाले. दोनाचा एक झाला. चिंचकोठ्याला पाणीबचतीचा चषक मिळाला. त्यात भरायला काही नव्हतं, म्हणून कोंबडी अंडी घालायला लागली त्यात.

गावातला पहिला घोटनळ सगुणाने बसवला होता तो थोरल्या बहिणीकडे. गिरजाअक्का अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांनी अधू. सारखं उठायला नको म्हणून सगुणाने हौसेने लांब नळी काढून तोटी खाटेपाशी आणून दिली होती. त्याला दोन वर्षं झाली. एके दिवशी सकाळी सगुणा डाळभात घेऊन गेली, तर अक्काचे ओठ भेगाळलेले आणि डोळे आत गेलेले. सगुणाने तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तंबूसारखी तशीच उभी राहिली.

"सगे, कोंबडी घेताना बघतात तशी काय चाचपतेस मला?"

"पाणी प्यायलीस?"

"ढीगभर! नळ काय गार देतो गं तुझा."

सगुणाने खाटेखाली वाकून पाहिलं. आठ पेले, आठही बंद. नळाच्या घोट मोजणाऱ्या काट्यावर कालचा आकडा होता, नव्वद घोट.

डॉक्टरबाई तपासणीसाठी गावातच आल्या होत्या. सगुणाने त्यांना हाताला धरून ओढतच आणलं. त्यांनी अक्काची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सगुणाला दाराशी नेलं.

"सलाईन लावायला हवं."

"मग लावा."

"तालुक्याला लावतात. यादीत आधीचे तीनशे आहेत, मावशी. सगळे असेच."

"मी नळच काढून टाकते. मग लागेल ना तहान?"

"लागायला हवी."

"हवी म्हणजे? डॉक्टर तुम्ही का मी?"

डॉक्टरबाई चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "दोन वर्षं मेंदू एवढंच शिकलाय, की ती टिचकी म्हणजे पाणी. खऱ्या पाण्यात टिचकी नाही. त्याला ते पाणी वाटेलच असं नाही."

"हे बसवायच्या आधी का नाही सांगितलंत?"

"आधी आम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "मलाही रोजचा पेला नको वाटतो."

सगुणाने पान्हा काढला आणि तोटी उपसली. अक्काने तिला अशा शिव्या घातल्या, की गल्लीतल्या बाभळीचे काटे वाकले. दुपारपर्यंत ती तळमळली. तहान आली होती, खरीखुरी आली होती. सगुणाचा जीव हरखला. तिने पेल्याचं झाकण फोडून तो अक्काच्या ओठांना लावला. अक्काने एक घोट घेतला आणि थू करून टाकला.

"भुस्सा देतेस मला? पाणी दे!"

सगळे पेले झाले. एकही घशाखाली उतरेना. नाक दाबून पाजलं तर ठसका लागून डोळे पांढरे झाले.

शेवटी सगुणाची नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथे गंगेचा गडू होता. आईने काशीहून आणलेला, बापाने स्वतःच्या हाताने डाख लावून बंद केलेला. असला गडू एकदाच फोडतात, माणूस जाताना. तो हातात घेणं म्हणजे अक्का जाणार हे कबूल करणं. पण अक्का जन्मभर म्हणत आली होती, माझ्या तोंडात हेच पाणी घाला. ते तरी ती ओळखेल. आईचं पाणी कोण ओळखत नाही?

सगुणाने दिवा पेटवून बापाचा डाख वितळवला. एवढ्या वर्षांचं पाणी आत डुचमळलं.

"अक्के, गंगा आहे गं. आईची."

अक्काने डोळे उघडले. गडू बघून तिने शहाण्या पोरीसारखा आ केला. सगुणाने धार सोडली. अक्काने क्षणभर ते जिभेवर धरलं. मग चेहरा वेडावाकडा झाला आणि ते ओठांच्या कडेने बाहेर आलं.

"सगे," ती रडवेली होऊन म्हणाली, डोळ्यांत टिपूस नव्हता. "अगं, राख काय घालतेस तोंडात?"

गडू सगुणाच्या हातून निसटला. पाणी फरशीभर झालं.

तिने तोटी उचलली आणि परत बसवली. दुसरं काय करणार होती? अक्का गटागटा प्यायली. "आत्ता कसं जिवात जीव आला," म्हणाली आणि सगुणाच्या गालावरून हात फिरवला. कागदासारखा हात. तिसऱ्या प्रहरी तोटी तोंडातच राहिली. काटा थांबला होता.

सगुणा भिंतीला टेकून बसली. फरशीवरच्या ओलीला उंबऱ्यापासून मुंग्यांची रांग लागली होती. त्यांना कुणी नळ बसवून दिला नव्हता. तिने त्या पाण्यात बोटं बुडवली. बोटं उन्हात चमकली, पण तिला वाटलं पिठात हात घातलाय. तोंडात घातली, तरी पीठच.

दिवसभराच्या धावपळीने तिचा घसा सुकला होता. ती उठली, मुंग्यांवर पाय पडू नये म्हणून लुगडं वर धरून पलीकडे गेली, अक्काच्या तोंडातली तोटी अलगद सोडवली, पदराने पुसली, आणि प्यायला लागली.