क्लचप्लेटचं खोकं

"ताई, पानी भेटी का?"

मी टपरीमागे वाळत घातलेल्या मिरच्या उलथत होते. मान वर केली तर समोर ऑइलने माखलेले दोन हात आणि त्यामागे एक हसरा चेहरा. मिरचीचा झणका नाकात गेला तसा तो शिंकायलाच लागला... एक, दोन, चांगल्या सात शिंका!

"ताई कोन्हाले म्हनतस?" मी मुद्दाम फणकारले. "पयले शिंका पुऱ्या करा, मंग पानी."

त्याचं नाव नवनीत. सुरतेहून कापडाच्या गाठी घेऊन इंदूरला निघालेला त्याचा ट्रक कोरीट गावाच्या अलीकडे, नेमका आमच्या चहाच्या टपरीसमोर बंद पडला होता. नंदुरबारहून आलेल्या रूपचंद मिस्तरींनी गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेट जळाली होती. नवी धुळ्याहून एसटीच्या पार्सलने येणार, तोवर गाडी हलणार नव्हती.

टपरी माझ्या फुईची, म्हणजे बाबांच्या बहिणीची. दोन दिवस तो तिथेच राहिला. नाकावर रुमाल बांधून माझ्याबरोबर मिरच्या उलथायचा.

"तुमी तं चोर दिसतस," मी म्हणाले.

"मंग जपी ऱ्हाय, रुचिका."

माझ्या नावाला इतकी गोडी आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

"शुक्रवारे दुपारलोंग इंदूर गाठनं शे," तो एकदा म्हणाला. "टाइमवर पोचनू, तं तुले एक गोष्ट सांगसू."

"आतेच सांगा ना..."

"नही. आधी पोचू दे."

गुरुवारी दुपारी एसटी थांबली. नवनीत विहिरीवर आंघोळीला गेला होता, फुई घरी होती. कंडक्टरने खोकं माझ्या हातात दिलं. मिस्तरींना फोन केला असता तर संध्याकाळी गाडी निघाली असती. निघाली असती म्हणजे — गेली असती. वाटेवरचा माणूस, तो परत कशाला येतोय? मी खोकं मिरचीच्या पोत्यात खुपसलं. एक संध्याकाळ जास्तीची हवी होती मला, बस्स.

"एस्टी ऊनी, पन पार्सल नही ऊनं," मी सांगितलं.

ती संध्याकाळ मिळाली, पण कसली! तो माझ्याशेजारीच बसला होता. कप देताना बोटाला बोट लागलं, तरी त्याची नजर रस्त्यावरून हलेना. मलाच रडू यायला लागलं.

सकाळची एसटी गेल्यावर मी खोकं काढून दिलं. दुपारपर्यंत गाडी सुरू झाली. तेवढ्यात त्याच्या शेठचा फोन आला. बोलणं संपवून तो माझ्याजवळ आला.

"इंदूरनी लाईन दुसराले दी टाकी. हाऊ माल उतारीसन माले आते चेन्नई."

"कोनती लाईन?"

"हाईच गोष्ट सांगनी व्हती तुले. आज टाइमवर पोचतू, तं सुरत-इंदूर कायमनी मन्ही व्हती. आठवडामा दोनदा तुन्हा हातना चहा पीतू..."

मग त्याने खोक्यावरची पावती माझ्यासमोर धरली. तिच्यावर तारीख कालची होती, गाडी दुपारची.

"का दपाडं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. का लपवलंस, हे त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं... हे मला आज कळतं. ओठांवर आलंही होतं — तुमी जावाले नको म्हनीसन. पण फुई चुलीपाशी उभी होती. मिस्तरी हात पुसत कान देऊन ऐकत होते.

"ध्यानमाच नही ऱ्हायनं," मी म्हणाले.

त्याने पावती घडी करून खिशात घातली. "बरं," म्हणाला, आणि गाडीत चढला.

दोन हिवाळे झाले. तो थांबावा म्हणून मी एक खोटं बोलले, ते त्याने विचारतानाच माफ केलं होतं. दुसरं मी लाजेपायी बोलले. ते मात्र त्याला खरं वाटलं.