ट्रुडाचा डावा हात

हेडा त्या दिवशी तेरेझीनला गेली ती एक पत्र्याचा डबा आणायला. डबा भिंतीत होता एवढंच.

लढाई संपून तीन महिने झाले होते. ऑगस्टची स्वच्छ सकाळ होती. प्रागहून निघालेल्या गाडीतून ती बोहुशोवित्सेला उतरली. पिशवीत शेजाऱ्याकडून उसनी आणलेली छिन्नी आणि हातोडी होती. तिथून पुढे तासभर चालायचं. कडेच्या आलुबुखाराच्या झाडांना फळं लगडली होती. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्याने ती आणि तिची धाकटी बहीण ट्रुडा तेरेझीनच्या ज्यू छावणीत चालत आल्या होत्या, तेव्हा गळ्यात नंबर होता, पाठीवर गाठोडं होतं आणि मागे खेकसणारे शिपाई होते. आज खेकसायला कुणी नव्हतं, तरी हेडाचे पाय आपोआप भराभर पडत होते. तिला स्वतःचाच राग आला.

बराकीच्या दारात होराक नावाचा म्हातारा राखणदार बसला होता. शेजारच्या गावचा शेतकरी. हाताशी चुन्याची बादली, कुंचा आणि जंतुनाशकाचा डबा. सगळीकडे त्याच औषधाचा घशाला झोंबणारा वास होता.

"कोण पाहिजे?"

"कुणी नाही. एक भिंत पाहिजे."

"हव्या तेवढ्या घ्या बाई," होराक गुडघ्यावर हात टेकत उठला. "भिंतीच उरल्यात इथं."

ते दोघं जिना चढू लागले. एके काळी या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची. आता दोघांच्या पावलांचा आवाज वरच्या मजल्यावर जायचा, तिथून परत यायचा, आणि परत येताना तो दोघांचाच आहे असं काही हेडाला वाटेना.

"वर आणखी कुणी आहे का, होराककाका?"

"उंदीरसुद्धा नाहीत. खायला काय मिळणार त्यांना?"

वरच्या खोलीत नकाशे काढायचं ऑफिस होतं. हेडा तिथे कामाला होती. दिवसा छावणीचे आराखडे काढायचे, आणि तिथलाच कागद-कोळसा चोरून माणसं काढायची. सापडली असती तर मुंडी उडाली असती. पण माणसं यायची, हळूच विचारायची, 'माझं काढशील?' नाही कसं म्हणणार? मागे फोटोसुद्धा राहायचा नाही अशी भीती ज्याला त्याला. अशी एकतीस चित्रं तिने काढली.

प्रत्येक चित्रात ती एक जागा कोरी सोडायची. कुणाचा कान, कुणाच्या कोटाचं बटण. ही खोड बापाची. तिचा बाप घरं रंगवायचा. ज्यूंचं घर असलं की दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन तो कोरा ठेवायचा. तशी रीतच आहे. 'दोन हजार वर्षांपूर्वी आपलं मंदिर पडलं ते अजून उभं राहिलेलं नाही,' तो सांगायचा, 'मग आपलं घर पुरं झालं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?' गावातले इतर लोक चिडवायचे, 'काय फ्रायंड, रंग संपला वाटतं!' बाप हसायचा आणि चौकोन तसाच ठेवायचा. बाप पहिल्याच हिवाळ्यात इथे, छावणीत वारला. त्यानंतर हेडाने हे सुरू केलं. पुरं केलं की संपलं, अशी तिची समजूत झाली होती. वेडी म्हणा हवं तर.

ट्रुडा मात्र वेडी म्हणत नसे. ती शेजारी बसून बहिणीचं बघून चित्रं काढायला शिकली. ट्रुडा डावखुरी. शाळेत मास्तरांनी तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवला, तरी तो सुधारला नाही. सावली भरायची तर चित्रकार तिरप्या रेघा ओढतो. हेडाच्या रेघा उजवीकडून डावीकडे उतरायच्या, ट्रुडाच्या बरोबर उलट.

"तुझा पाऊस उलटा पडतो गं," हेडा चिडवायची.

"तुझाच उलटा पडतो, ताई. तुला दिसत नाही."

एकदा हेडाने तिला स्वतःचा हात काढायला सांगितला. ट्रुडाने उजवा काढला. दुसरा का नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तो कसा काढू? डावा कामात असतो ना." मग दोघी तोंड दाबून पोट दुखेपर्यंत हसल्या. चूक खोडायला हेडा पावाचा मऊ गोळा वापरायची, चित्रकार वापरतातच. त्यावर मात्र ट्रुडा खवळायची. "पाव पुसायला असतो होय? खा तो मुकाट्यानं!"

गेल्या ऑक्टोबरात ट्रुडाच्या नावाची चिठ्ठी आली. पूर्वेच्या मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या गाडीची चिठ्ठी. हेडाला आली नाही, कारण एका अधिकाऱ्याच्या बायकोसाठी ती आल्प्सचं मोठं चित्र काढत होती आणि ते अर्धवट होतं. एक डोंगर काढायचा, दुसऱ्या दिवशी तो जमला नाही म्हणून खरवडायचा. असे तिने चार महिने काढले. त्या डोंगरावरच ती जगली. बहिणीसाठी ती कारकुनाकडे रडत गेली तेव्हा तो कागदातून मान वर न करता म्हणाला, "तुम्हालाही जायचं तर जा. गाडीत जागा आहे."

हेडा गप्प बसली. तेवढं एक क्षणभराचं गप्प बसणं. 

जायच्या आदल्या संध्याकाळी ट्रुडा चित्रासाठी बसली. हात काही एका जागी ठेवीना. शेवटी हेडाने डावा हात कोरा सोडला.

"राहू दे तसाच," ट्रुडा म्हणाली. "मी आले की काढ. तोवर पुरं करायचं नाही. शपथ?"

"शपथ."

दुसऱ्या दिवशी अर्नोश्त नावाच्या गवंड्याने एकतीस चित्रांचा डबा भिंतीत ठेवून वर विटा लावल्या. त्याचंही चित्र डब्यात होतं; त्याचा अंगठा कोरा होता. "अंगठा मी भिंतीला देतो," म्हणून त्याने ओल्या चुन्यात आपला अंगठा दाबला. आठवड्याने तोही पूर्वेच्या गाडीने गेला.

लढाई संपल्यापासून हेडा प्रागच्या कचेरीत रोज याद्या बघत होती. परतलेल्यांच्या यादीत ट्रुडा नव्हती. मेलेल्यांच्या यादीतही नव्हती. कुणी तिला पाहिलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर हेडा तग धरून होती.

"हीच भिंत," ती होराकला म्हणाली.

चुन्यात अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा होता. वळणंसुद्धा मोजता आली असती. तडा नव्हता, खरवडल्याची खूण नव्हती. छिन्नी लावायचं तिच्या जिवावर आलं. होराकने हातोडी घेतली. चौथ्या घावाला वीट हलली आणि आतून दहा महिने कोंडलेली थंड हवा दोघांच्या तोंडावर आली. तिला कोळशाचा वास होता. ताज्या कोळशाचा… आत्ताच कुणी कांडी खाली ठेवावी तसा.

डब्याचं झाकण गच्च होतं. तिने ते उचकटलं आणि पहिला कागद उजेडात धरला. रेगिना आजी. हिचा कान आपण सोडला होता.

कान होता.

'विसरले असेन,' हेडा मनाशी म्हणाली. दुसरा कागद गणिताच्या प्राध्यापकांचा. कोटाचं वरचं बटण सोडलं होतं. ते बटण होतं, चार भोकं आणि लोंबणाऱ्या दोऱ्यासकट. तिसरा कागद. चौथा.  अर्नोश्तचा कागद आला. अंगठा भरलेला होता, आणि त्यावर भिंतीतल्या ठशाची तीच वळणं होती.

"बाई? काय झालं? पांढऱ्याफटक पडलात की…"

"ही मी पुरी केली नव्हती." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "काका, ही चित्रं मी… पुरी केली नव्हती."

"मग केली कुणी? भिंत तर मी फोडली आत्ता."

हेडा खाली बसली. ती कागद जमिनीवर मांडत सुटली. नर्स एर्ना. तिच्या टोपीची कड कोरी होती, आणि कोरीच होती! एर्ना गेल्याच आठवड्यात तिला ट्राममध्ये भेटली होती, जाड झाली म्हणून रडत होती. पुढे शिंपी लेओ, बाही अजून कोरी. लेओ प्रागमध्ये दुकानासाठी जागा शोधत होता. मग पुन्हा भरलेली चित्रं, एकामागून एक. आणि त्या प्रत्येकाचं नाव तिने कचेरीतल्या दुसऱ्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं.

 जे गेले ते भरले होते. जे आहेत ते कोरे.

आता तिचा हात डब्याकडे जाईना. तळाशी एकच कागद उरला होता. होराक कोपऱ्यात उभा होता. खाली कुठेतरी एक दार हळूच लागलं, पण वारा नव्हता. शेवटी तिने डोळे मिटले, कागद काढला आणि मग बघितलं.

ट्रुडा तिच्याकडे बघून हसत होती. मनगटापर्यंत बाही, आणि पुढे काही नाही. नुसता पांढरा कागद.

"कोरा आहे!" हेडा ओरडली. "काका, कोरा आहे! ती आहे! कुठेतरी आहे!" तिने त्या म्हाताऱ्याला मिठी मारली, त्याच्या दाढीच्या खुंटांवर ओठ टेकले, आणि मग जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला. होराकला काही कळलं नाही, पण त्याचेही डोळे भरून आले. त्याने फडक्यातला पाव काढून अर्धा तिच्या हातात दिला.

"खा बाई. आनंदालाही पोटात काहीतरी हवं."

ती खाऊ लागली. होराक चित्रांमधून फिरत होता, पाय जपून टाकत, देवळात फिरावं तसा.

"छान आहेत," तो म्हणाला. "दोघांनी मिळून काढलीत ना?"

"नाही. मी एकटीने."

"छे छे. गवत कापण्यात जन्म गेला माझा, एवढं कळतं. माझा भाऊ डावखुरा. आम्ही दोघं शेतात उतरलो की माझ्या विळ्याचं गवत या अंगाला पडायचं, त्याच्या विळ्याचं त्या अंगाला. लांबून बघून सांगता यायचं कुणी किती कापलं." त्याने वाकून रेगिना आजीच्या कानाकडे बोट केलं. "हे बघा की. गाल एकाचा आहे, कान दुसऱ्याचा."

हेडाच्या तोंडातला घास तसाच राहिला.

ती गुडघ्यांवर रांगत गेली. आजीचा कान. त्यातली सावली डावीकडून उजवीकडे उतरत होती. प्राध्यापकांचं बटण. अर्नोश्तचा अंगठा. प्रत्येक भरलेल्या जागी पाऊस उलटा पडत होता. बारीक, न चुकणारा, तिला पाठ असलेला. पुढे पुढे तर हात चांगला बसला होता. ट्रुडा शिकत गेली होती.

आणि तिचा स्वतःचा हात का कोरा राहिला, हे हेडाला तेव्हा कळलं. डावा कामात होता.

ती किंचाळली नाही. तिला रडूही आलं नाही. कुणीतरी आतून सगळं काढून नेलं असावं तशी ती बसून राहिली. होराकनेच कागद गोळा केले, डबा बंद केला, आणि तिला स्टेशनापर्यंत सोडलं. वाटेत तो एकदाच बोलला. "मी काही वाईट बोललो का, बाई?"

"नाही, काका. तुम्ही खरं बोललात."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, डबा मांडीवर. समोर आलुबुखाराची टोपली घेतलेली एक शेतकरीण होती. बराच वेळ ती हेडाकडे टक लावून बघत होती. शेवटी राहवलं नाही तिला.

"अहो बाई, खांदा बघा तुमचा. कोळसा लागलाय."

"कुठे?"

"डावा खांदा. अगंबाई, हे तर हाताचे ठसे! पाचही बोटं उमटलीत. बोटं पुढे, अंगठा मानेकडे…" ती पुढे वाकून बघू लागली. "मागून कुणीतरी डावा हात ठेवलेला दिसतोय. केवढासा आहे पण. मुलीचा असावा."

हेडाच्या मागे गाडीच्या डब्याची लाकडी भिंत होती. सकाळपासून तिच्या खांद्याला कुणी हात लावला नव्हता.

"थांबा, पाव आहे माझ्याकडे," शेतकरीण टोपलीत चाचपू लागली. "मऊ गोळा घासला की लगेच निघतो कोळसा."

"नको," हेडा म्हणाली. मान वळवायचं धाडस तिला होईना. पण खांदा तिने तसाच, जराही न हलवता, सरळ धरला होता. "असू दे तो. पाव पुसायला नसतो."