उपडा पाणकोळी

"थांबवा! अहो काका, थांबवा ना!"

लँडीचा मित्र विल्बर्थ सुटलेल्या व्हॅनच्या मागच्या दाराला लटकून बोंबलायला लागला, तेव्हा कुठे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. लँडीने सात वर्षांच्या नारोला, आपल्या धाकट्या भावाला, बखोटीला धरून आत कोंबलं आणि स्वतः उडी घेतली.

"काम्पेचे शहरात किती वाजता पोहोचू, काका?"

"पोहोचू तेव्हा पोहोचू! उद्या पवित्र गुरुवार, ईस्टरची सुट्टी, रस्त्यावर गर्दी ही एवढी!"

साडेदहा वाजले होते. दोन वाजता शहरातून तपासणीच्या बाई येणार होत्या. सकाळी फोनवर त्या आजोबांना म्हणाल्या होत्या, "दोन वाजेपर्यंत दगड मिळाला नाही, तर शिट्टी आणि किल्ल्या टेबलावर ठेवा. पुढचं पोलीस बघतील."

लँडीचे आजोबा डॉन एल्मेर एकतीस वर्षं श्काबालच्या प्राचीन देवळाच्या अवशेषांची राखण करत होते. कुणी देवळाच्या पायरीवर नाव कोरायला लागलं की त्यांची शिट्टी कानठळ्या बसवायची. आज मात्र ते नुसतेच बसून होते आणि रुमालाने तीच शिट्टी पुन्हा पुन्हा पुसत होते. लँडीला ते बघवेना.

हरवला होता तो पाणकोळ्याचा दगड. देवळाच्या जिन्यातून निखळलेला, लांब चोचीचा पाणकोळी पक्षी कोरलेला.

"चोरच असणार!" विल्बर्थ कुजबुजला. "रात्री आले, दगड उचलला आणि पसार!"

"मठ्ठा! मग चोरांनी शेजारचा फुटक्या दगडांचा ढीगही नेला? तो कशाला? शहराच्या तटबंदीच्या कामासाठी लॉरी दगड गोळा करत फिरतेय. भिंत आज दुपारच्या आत संपवायची आहे त्यांना. ढीग भरताना आपला दगडही भरला."

"पण कोरलेला दगड त्यांना दिसला नाही?"

लँडीला परवाचं आठवलं. निखळलेला कोरीव दगड नेहमी उपडा ठेवायचा, म्हणजे ऊन-पाऊस नक्षी खात नाही, हा आजोबांचा नियम. परवा तिने आणि विल्बर्थने तो दगड सावलीसाठी ढकलत नेला होता. उपडाच ठेवला होता, पण नेमका त्या ढिगाला खेटून!

"आपणच ठेवला तो तिथे," ती म्हणाली. "आणि मी आजोबांना सांगितलंच नाही. भीती वाटली मला."

"मी पण नाही सांगितलं," विल्बर्थ पुटपुटला.

नारो खिडकीबाहेर बघत होता. एरवी त्याचं तोंड मिनिटभरही बंद नसायचं.

शहरात उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. तिघं उन्हातून धावत बुरुजाजवळ पोहोचले. तटाचं खिंडार जवळजवळ बुजलं होतं! एक म्हातारा गवंडी वरून खाली चुन्याचा गिलावा मारत येत होता. दगडांच्या ढिगाचा मागमूसही नव्हता.

"ए पोरांनो! हटा तिथून!" मुकादम एरास्मो खेकसला.

"काका, श्काबालहून आणलेल्या दगडांत एक कोरीव दगड आला आहे. जरा शोधू द्या ना!"

"कोरीव? सगळे साधे धोंडे होते, मी स्वतः उतरवून घेतले. शनिवारी मोठे साहेब भिंत बघायला येणार आहेत. पळा, नाहीतर कान उपटीन!"

थापी सरसर चालत होती. भिंतीत शेकडो दगड, आणि आपला कोणता? अजून अर्धा तास, मग सगळं चुन्याखाली जाणार!

तेवढ्यात नारोने तिचा फ्रॉक ओढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई... माझा खेकडा."

"कसला खेकडा?"

"मी काढला होता. कोळशाने. त्या दगडाच्या पाठीवर. आजोबा रागावतील म्हणून... तो बघ!"

कमरेइतक्या उंचीवर, एका दगडावर आठ वाकड्या पायांचा खेकडा बसला होता. त्याच्यावरच्या दगडावर गिलावा चढत होता.

"तोच!" विल्बर्थ किंचाळणार होता, पण लँडीने त्याचा हात दाबला. हा माणूस दगड काढू देणार नाही. त्यानेच तो काढला पाहिजे.

"काका," ती अगदी सहज म्हणाली, "हा खेकडा असाच ठेवणार?"

"चुन्याखाली जाईल."

"कोळसा ना? वर येतो तो! आमचे आजोबा सांगतात. पांढऱ्या भिंतीवर काळा डाग उमटतो."

"शनिवारी साहेबांना खेकडाच दिसणार!" विल्बर्थने री ओढली.

एरास्मोने कपाळावरचा घाम पुसला आणि गवंड्याकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "पोर खरं बोलतेय. काजळी वर येते."

"च्यायला! मग काढा तो दगड! फिरवून बसवा, खेकडा आत जाऊ दे!"

चुना अजून ओला होता. एरास्मो आणि गवंड्याने पहार लावली. दगड हलला, कुरकुरला, बाहेर आला. मग सगळ्यांनी मिळून तो फिरवला.

चुन्याने माखलेली लांब चोच! मग डोळा, मग पंख! गवंड्याने थापी खाली ठेवून डोक्यावरची टोपी काढली. एरास्मोचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला.

"हा... हा मी भिंतीत बसवला?"

"अजून वेळ आहे, काका," लँडी म्हणाली. "लॉरी काढा!"

लॉरी श्काबालच्या फाटकातून शिरली तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. टेबलावर किल्ल्या होत्या, शेजारी शिट्टी. समोर बाई उभ्या होत्या. लँडी सरळ आजोबांसमोर गेली.

"आजोबा, दगड ढिगाजवळ मी ठेवला होता. तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"आमची," विल्बर्थ म्हणाला.

"आणि मी दगडावर चित्र काढलं," नारो रडतच म्हणाला.

"न बघता भरला तो माझ्या माणसांनी," एरास्मो मान खाली घालून म्हणाला.

बाई ओल्या फडक्याने हळूहळू चुना पुसत होत्या. पाणकोळी सुखरूप होता. "डॉन एल्मेर, मला माफ करा," त्या म्हणाल्या. "पोरं हुशार आहेत तुमची. आणि धीट!"

"हुशार आहेतच," आजोबा म्हणाले. "पण खरं सांगितलंत, ते मला जास्त आवडलं." त्यांनी नारोचे डोळे पुसले. "यापुढे चित्रं वहीत हं!"

मग त्यांनी शिट्टी उचलली. लँडीला वाटलं, आता ते ती गळ्यात घालतील. पण त्यांनी ती तिच्या गळ्यात घातली.

"सुट्टी संपेपर्यंत पाणकोळी तुझ्या ताब्यात. तुला योग्य वाटेल तिथे ठेव त्याला."

लँडीने आजूबाजूला पाहिलं, भिंतीलगतची कोरडी जागा निवडली आणि विल्बर्थच्या मदतीने दगड उपडाच ठेवला. या वेळी मात्र तिने आजोबांना हाताला धरून तिथे नेलं आणि जागा दाखवली.