मूठभर चोथा

पोत्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी माणसाच्या. पाऊस भुरभुरत होता, रसाच्या कारखान्यामागच्या अंगणात द्राक्षांचा आंबूस वास भरून राहिला होता, आणि वाळलेल्या चोथ्याचं ते शेवटचं पोतं होतं.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा. आधी मी धरलंय. काय करणार तुम्ही ह्या साली-बियांचं?"

"औषध. आणि तुम्ही?"

"खत."

"मग भांडताय काय? लाज वाटू द्या!"

तो हसला आणि माझी पकड सैल झाली. हे आज कबूल करतेय. तेव्हा कुणी विचारलं असतं तर ओल्या पोत्याला दोष दिला असता.

आडोशाला उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. मी कोंबडीखाद्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. मक्याला ओल लागली की बुरशी धरते, आणि तिचं विष कोंबडीच्या यकृतात भिनतं. द्राक्षांच्या चोथ्यानं त्या विषाचा मार कमी होतो, अशी माझी खात्री होती. पण नुसत्या खात्रीला आमच्या मोठ्या मॅडम भीक घालत नसत. सहा आठवड्यांत सिद्ध केलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि आमच्या शेडचं छप्पर नेमकं आदल्याच दिवशी गळायला लागलं होतं.

तो कान देऊन ऐकत होता. "माझी पोल्ट्री आहे. गेल्या वर्षी अशाच मक्यानं माझ्या कोंबड्या… बऱ्याच गेल्या." मग त्यानं पोत्याचं टोक सोडलं. "हे घेऊन जा. आणि शेडही माझी घ्या."

साठ पिल्लांचे तीन कप्पे केले. हिरव्या पाटीच्या कप्प्यात चांगलं खाद्य. पिवळ्या पाटीच्या कप्प्यात बुरशीचा मका आणि चोथा. लाल पाटीच्या कप्प्यात बुरशीचा मका, बाकी काही नाही.

"लाल कप्प्यातल्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" त्यानं विचारलं.

"त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय चोथ्याचा गुण कळणार कसा?"

"डोक्याला पटतंय," तो पुटपुटला.

रोजचं खाद्य तो घालायचा. दर शनिवारी मी वजनं घ्यायला जायचे. तो एकेक पिल्लू ओंजळीत धरून काट्यावर ठेवायचा, "बसा हं ताई, झालंच," अशी त्याची समजूत काढायचा आणि मी आकडा लिहायचे. पिल्लू देता-घेता बोटांना बोटं लागायची… आणि दोघंही एकदम पिल्लाकडेच बघायचो.

"मॅडम, तुम्ही हसलात की काटा हलतो."

"डिजिटल आहे तो. त्याला काटाच नाही."

"मग दुसरंच काहीतरी हलत असेल…"

त्या दिवशी मी एकाच पिल्लाचं वजन दोनदा लिहिलं.

तिसऱ्या शनिवारी लाल कप्पा मलूल दिसला. वजनं घसरली होती. मी मान वळवून आकडे लिहिले आणि पटकन निघाले. चौथ्या शनिवारी मात्र ती घसरण थांबली, आणि पाचव्या शनिवारी लाल कप्प्यातली पिल्लं चक्क धावत होती! मका पुन्हा तपासला. विष होतं तेवढंच होतं. लाल कप्पाही तरतरीत झाला, तर चोथ्यानं काय केलं म्हणून दाखवू? मी डोकं धरून बसले. एरवी बडबडणारा तो भरलेलंच पाण्याचं भांडं पुन्हा भरत होता.

तेवढ्यात लाल कप्प्यातलं एक पिल्लू माझ्या वहीवर चढलं. त्याची चोच पिवळ्या कप्प्यातल्या पिल्लांसारखी जांभळी होती.

"तुम्ही…?"

"रोज एक मूठ," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तिसऱ्या शनिवारपासून. तुम्ही गेलात, आणि एक पिल्लू पंख पाडून माझ्या पायाशी येऊन बसलं. औषध शेजारच्याच कप्प्यात, आणि मी नुसतं बघत राहायचं? नाही जमलं मला."

"मग मला सांगायचंत तरी!"

"सांगितलं असतं तर… तुम्ही येणं बंद केलं असतं."

मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या दयेपायी माझी नोकरी गेली, इतक्या दिवसांच्या कष्टांवर पाणी पडलं, असं सगळं.

बसच्या खिडकीशी बसून मी रडले. लाल कप्प्याकडे तर मलाही बघवलं नव्हतं. मी मान वळवली, त्यानं मूठ उघडली, एवढाच काय तो फरक. मी त्याच्या प्रेमात पडले होते. आणि ज्या गोष्टीसाठी त्याचा गळा धरावासा वाटत होता, नेमकी तीच मला आवडली होती.

सोमवारी मी मोठ्या मॅडमपुढे उभी राहिले. "लाल कप्प्यातही चोथा गेला. सूचना देण्यात माझीच चूक झाली."

त्या काही बोलणार, तोच दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला तो, हातात पिशवी.

"मॅडम, चूक माझी. ह्यांनी मला चारदा बजावलं होतं."

मॅडमनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "गुन्हा एक आणि गुन्हेगार दोन? बरं, रोज किती चोथा घातलात?"

"मूठभर."

"मूठ हे काही माप नाही."

"माझ्या हाताला आहे." त्यानं पिशवी काट्याशेजारी ठेवली. "हा तोच चोथा. बघा मोजून."

पहिली मूठ सत्तेचाळीस ग्रॅम भरली, दुसरी अठ्ठेचाळीस, तिसरी पुन्हा सत्तेचाळीस. मॅडमनी त्याला दहा वेळा मूठ भरायला लावली. एका ग्रॅमच्या वर फरक पडला नाही.

मग त्यांनी माझी वही ओढून घेतली. तिसऱ्या शनिवारपर्यंत लाल कप्प्याचे आकडे उतरत होते, पुढे चढत गेले होते. त्यांनी तिथेच बोट ठेवलं.

"विष भिनल्यावर दिलं तरी पिल्लं सावरतात की काय? हे तपासायचं तुला सुचलंच नव्हतं."

"नाही," मी खरं ते सांगितलं.

"मग आता तपास. प्रयोग पहिल्यापासून, आणखी सहा आठवडे. लाल कप्प्याला तीन आठवड्यांनी चोथा सुरू करायचा, ठरवून आणि मोजून. तोवर नोकरी आहे तशीच राहील. कायमचं नंतर बघू. आणि पहिले तीन आठवडे ह्या गृहस्थांना शेडपासून लांब ठेव."

बाहेर आल्यावर आम्ही दोघं भिंतीला टेकलो. त्याचा तळवा जांभळा झाला होता. मी तो माझ्या हातात घेतला, आणि त्यानं घेऊ दिला.

"रागावलात अजून?"

"खूप," मी म्हणाले. हात मात्र सोडला नाही.

"तीन आठवडे…" तो म्हणाला. "संध्याकाळी मी शेडमध्येच असतो. आता कुठे जाऊ?"

"आमच्या घरी. बाबा सहाला येतात, त्यांच्याशी बोल."

"कशाबद्दल?"

"तेही मीच सांगू का तुला?"

त्याचे कान लाल झाले. जराशानं हळूच म्हणाला, "एकट्यानं जायचं?"

"पहिल्या दिवशी मी येते," मी म्हणाले. "पिल्लांना तेवढं अर्धा तास आधी खायला घालीन."