हुस्नाबीची नजर

विमलताईंचा फोन आला तेव्हा मी नेरच्या माझ्या दुकानात पासपोर्टचे फोटो कापत बसलो होतो. त्यांच्या समीक्षाची हळद होती.

"शब्बीरभाई, मोबाइलवाले पोट्टे ढीगभर हायेत. पण माह्या हळदीचे फोटो भाभीनं ज्या कॅमेऱ्यात काढलते, त्याच कॅमेऱ्यात माह्या लेकीचे काढून द्या. चार-पाचच."

तो रीळवाला कॅमेरा आमच्या घरात पंचवीस वर्षांपासून आहे. फोकस तो स्वतःच धरतो. शिवाय त्यात एक सोय आहे, तिचं त्या काळी साऱ्या गावाला नवल वाटायचं. आतून पाहताना तुमची नजर जिथं जाईल तिथं बारीक लाल चौकोन पेटतो, आणि तिथलंच चित्र स्पष्ट येतं. त्यासाठी आधी त्याला आपला डोळा शिकवावा लागतो. पाच जणांचे डोळे तो लक्षात ठेवतो. एकच्या आकड्यावर मी. दोनवर माझी बायको, हुस्नाबी. आमच्यातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला मला जाता यायचं नाही. मी कॅमेऱ्यावरची आकड्यांची चकती दोनवर फिरवायचो, पडद्याआडून तिचा हात पुढे यायचा आणि कॅमेरा घेऊन जायचा.

तिच्या फोटोंत नवरी असायचीच, पण कोपऱ्यातली एखादी रुसलेली, नाहीतर नुकतीच रडून आलेली बाई जास्त स्पष्ट यायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "दुल्हन को तो सबच देखते जी."

तीन वर्षांपूर्वी ती काविळीनं गेली.

विमलताईंच्या अंगणात भर दुपारी बायकांची गर्दी होती. कापडी मांडवाखाली सगळं पिवळट दिसत होतं, ओल्या हळदीचा वास डोक्यात चढत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावून समीक्षाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चौकोन पेटला. पण तिच्यावर नाही... उजवीकडे, पाण्याच्या ड्रमपाशी.

मी नजर परत समीक्षावर आणली. चौकोन ड्रमपाशीच राहिला.

चकती पाहिली. पिशवीतून काढताना ती दोनवर सरकली होती. एकवर आणायला क्षणाचाही वेळ लागला नसता. पण माझं बोट हललं नाही.

ड्रमपाशी भिंतीला टेकून सत्यशीलाबाई बसल्या होत्या, विमलताईंच्या थोरल्या नणंद. पदर तोंडावर ओढलेला. डुलकी लागली असावी असंच कोणालाही वाटलं असतं. मी गर्दीतून वाट काढत जवळ गेलो.

"बाई... पानी आणू का?"

त्यांनी मान वर केली. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मांडीवरची हळदीची वाटी कलंडून लुगडं भिजलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

विमलताईंच्या मालकांना, बबनरावांना, मी ओरडूनच गाडी काढायला लावली. यवतमाळच्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, बोलणं हळूहळू परत येईल. बाहेर बाकावर विमलताईंनी मला विचारलं, "तुमाले कसं समजलं, भाऊ? आमी तं सारे तिथंच होतो."

"दिसलं," मी म्हणालो.

नंतरचे चार दिवस मी दुकान उघडलं नाही. चकती दोनवर ठेवून घरभर फिरलो. चौकोन चुलीवर जायचा नाही, तिच्या फोटोवरही नाही. लग्न होऊन ढाणकीला गेलेल्या आमच्या नाहिदच्या रिकाम्या खाटेवर जायचा. खिडकीच्या मोडक्या गजावर जायचा. बावीस वर्षांच्या संसारात, तू काय पाहते, असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारत होतो, आणि उत्तर मिळत होतं. भीती वाटत होती, पण कॅमेरा खाली ठेवावा असं वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी कॅमेरा घेऊन यवतमाळला धर्मपालकडे गेलो. जुने कॅमेरे दुरुस्त करणारा तो एकटाच उरलाय. हुस्नाबीला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

"धर्मपाल, बाकी काही नको. दोनच्या आकड्यावरचं पुसलं जाऊ नये, तेवढं पाय."

तो हसला. "पुसाले हाय काय त्यात? पाच वर्षांमागं पान्यात भिजलता न हा? म्या आतली सर्किटची पट्टी नवी टाकली. पाचही आकडे कोरे झालते. एकवर तुमी इथंच बसून डोळा शिकवला. दोन तं तवापासून कोराच हाय."

त्यानंतर हुस्नाबीनं कॅमेरा हातात घेतलाच नव्हता. रिळाची लग्नं तोवर संपली होती.

डोक्यावरच्या पंख्याचा आवाज मला एकदम लांबून आल्यासारखा वाटला.

"मंग..." मी म्हणालो, "तो कोनाच्या डोळ्यानं पाहून राह्यला?"

"कोनाच्याच नाही. थांबा, दाखवतो."

धर्मपालनं चकती दोनवर आणली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्याकडे वळवला.

"जरा डावीकडं सरका."

सरकलो.

"अजून..."

माझा खांदा कपाटाला लागला. बराच वेळ तो तसाच पाहत राहिला. मग कॅमेरा खाली ठेवला, तरी नजर माझ्याकडे आली नाही. ती माझ्या खांद्यामागे होती. घाईघाईनं त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

"शब्बीरभाई," तो अगदी हळू म्हणाला, "त्या बाईले बसाले सांगा न... कवाच्या उभ्या हायेत."

मी मागे पाहिलं नाही. पायाशी एक स्टूल होतं. ते तेवढं मागे सरकवलं.