टिटवी गप्प बसेना!

"ए बाई, आता तरी गप्प बस!" तंबूची खुंटी ठोकता ठोकता मामा आभाळाकडे बघून ओरडला.

पण टिटवी कसली ऐकतेय! ते नदीकाठी आल्यापासून ती डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती.

निसर्गाला धक्का न लावता दोन दिवस राहायचं, असा मामाचा बेत होता. प्लॅस्टिक नाही, शेकोटी नाही, साबण नाही! ताई, चष्मिस आणि बारकी या भाचरांना त्याने घरीच दम भरला होता. मात्र सामान उचलायच्या कंटाळ्याने गाडी तेवढी त्याने थेट काठावरच्या गोट्यांवर आणली होती.

"आपण गाडीपाशी गेलो की ती जास्त ओरडते," चष्मिस म्हणाला. "लांब गेलो की कमी."

"गाडीचा रंग आवडला नसेल!" मामा हसला आणि पाणी आणायला गेला.

बारकी गाडीशेजारी पालथी पडून खाली डोकावत होती. "ताई, इथे ठिपक्यांचे दगड आहेत! एक फुटलाय. आतून ओलं आलंय."

ताईने वाकून पाहिलं. दगड कसले, अंडी होती ती! गोट्यांमधल्या उथळ खळग्यात तीन, आणि चौथं चाकाखाली चिरडलेलं.

तिघं मामाकडे धावली.

"गोटे असतील रे! जेवून घ्या. मग गाडी वळवून झाडाखाली लावतो."

"वळवू नकोस! चाक अंड्यांवर जाईल!"

"पुरे झाली नाटकं!"

पालथ्या घड्यावर पाणी! आता काय करायचं? ताईला रडू यायला लागलं. तेवढ्यात चष्मिसने एक मोठा धोंडा उचलला. "चल, अडकवू!"

जेवण झाल्यावर मामाने गाडी सुरू केली. इंजिन गुरगुरलं, पण गाडी तसूभरही हलेना! चारही चाकांना पुढून-मागून धोंडे लावलेले होते.

"हा चावटपणा कुणाचा?" मामा तणतणत खाली उतरला.

"आमचा," ताई म्हणाली. "आधी खाली बघ. मग हवं तेवढं रागाव."

मामा गुडघ्यांवर बसून गाडीखाली डोकावला. उठला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

मागचे धोंडे काढून त्याने गाडी सरळ रेषेत, इंच इंच मागे घेतली आणि रस्त्यावर नेऊन लावली. अंडी वाचली!

पण टिटवी खाली उतरेना. ऊन रणरणत होतं आणि गाडीची सावलीही आता गेली होती. बारकीने अंड्यांवर टोपी धरली, तर टिटवी आणखीनच किंचाळली. चष्मिस टॉवेल घेऊन पुढे झाला. "आपण ती घरी नेऊया का?"

"हात लावू नका!" टिटवीचा आकांत ऐकून काठाकाठाने एक वनरक्षक बाई आल्या होत्या.

"मग आम्ही काय करू?" ताईने काकुळतीने विचारलं.

"काही नाही. इथून निघून जा. तुम्ही दिसताय तोवर ती येणार नाही."

मामाने बाईंना घडलेलं सगळं सांगितलं. तंबू उतरला, सामान रस्त्यावर गेलं. सगळे रस्त्यालगतच्या बांधाआड दबून बसले. पाच मिनिटं. दहा. वीस. टिटवी उतरायची, दोन पावलं चालायची आणि भुर्रकन उडायची. प्रत्येक वेळी तिघांचा जीव खालीवर व्हायचा.

मग ती पाण्यात शिरली. पोट भिजवून तुरुतुरु आली आणि अंड्यांवर बसली!

"ओल्या पिसांनी गार करतेय ती त्यांना," वनरक्षक बाई कुजबुजल्या.

"पिल्लं निघतील ना?" बारकीने विचारलं.

"नाही सांगता येत, बाळा. फार वेळ उघडी पडली होती." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पण तुम्ही गाडी अडवलीत, म्हणून विचारायला तरी काही उरलं. शाब्बास!"

"शहाणपण यांच्याकडेच होतं," मामा मान खाली घालून म्हणाला. "मी ऐकलं नाही."

गाडीत बसताना बारकीने ताईचा हात धरला. "आपण उद्या बघायला येऊ?"

"नाही. आपण आलो की ती पुन्हा उठेल."

"मग आपल्याला कधीच कळणार नाही?"

"नाही," ताई म्हणाली आणि तिने बारकीला जवळ ओढून घेतलं.